एल्गॉनच्या पायथ्याशी

पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशाला समुद्रकिनारा नाही. परंतु निसर्गाने त्याची भरपाई दुसऱ्या रीतीने केली आहे. दक्षिणेस व्हिक्टोरिया हे समुद्रासारखे अफाट सरोवर पसरले आहे व त्यातूनच नाईल नदी उत्तरेकडे निघते. पूर्वेस, केनियाच्या सरहद्दीवर, एल्गॉन नावाचा विझलेला ज्वालामुखी पर्वत उभा आहे. त्याची उंची ४,३२१ मीटर आहे. त्याच्या उतारावर कॉफीचे मळे आहेत आणि जिकडे पाहावे तिकडे केळीची बने आहेत. तेथील केळी आपल्यासारखी केवळ फराळाची वस्तू नव्हे. हिरवी केळी वाफवून, कुस्करून केलेले ‘मटोके’ हे तेथील कित्येकांचे रोजचे जेवण होय.

या पर्वताच्या पायथ्याशी एम्बाले नावाचे शहर वसले आहे. तेथे मुलांचे एक रुग्णालय आहे. दूरदूरच्या खेड्यांतून स्त्रिया तेथे येतात. कोणी बसमधून उतरते, कोणी ‘बोडाबोडा’ नावाच्या भाड्याच्या दुचाकीवर मागे बसून येते. प्रत्येकीच्या पाठीशी रंगीत कापडात बांधलेले तान्हे मूल असते. पुष्कळ वेळा आईने त्या मुलाचे डोके पदराने झाकून घेतलेले असते. ते उन्हासाठी नव्हे, तर लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी. कारण मुलाचे डोके त्याच्या वयाच्या मानाने फार मोठे झालेले असते.

या विकाराला जलशीर्ष म्हणतात. आपल्या मेंदूच्या आत चार लहान पोकळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा नितळ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात असा सुमारे अर्धा लिटर द्रव रोज तयार होतो, पोकळ्यांमधून वाहत मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या भोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. मेंदू जणू या द्रवावर तरंगत असतो व धक्क्यांपासून सुरक्षित राहतो. आता कल्पना करा, की नळ तर चालू आहे, पण मोरीचे तोंड बुजले आहे. तसेच येथे होते. द्रव साचतो, पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून कवटीवर दाबला जातो. मोठ्या माणसाची कवटी घट्ट जुळलेली असते. तान्ह्या मुलाची टाळू अजून भरलेली नसते, हाडांचे सांधे मिळालेले नसतात. म्हणून डोके वाढत जाते. टाळू ताणली जाते, डोळ्यांची बुबुळे खाली ओढल्यासारखी दिसतात, मूल दूध ओकू लागते. उपचार झाला नाही, तर दृष्टी जाते, बुद्धी खुंटते आणि बहुतेक मुले दगावतात.

खेड्यातील माणसांना हे कारण कोण सांगणार? कोणी म्हणते, मुलावर करणी झाली. कोणी म्हणते, हा आईच्याच पापाचा भोग. कधी नवरा घर सोडून जातो. अशा आईला औषधाच्या आधी धीराची गरज असते. ती या रुग्णालयात येते, तेव्हा तेथे तिच्या मुलासारखीच आणखी कितीतरी मुले तिला दिसतात. आपण एकट्या नाही, एवढे कळले तरी तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.

हे रुग्णालय ‘क्युअर इंटरनॅशनल’ या ख्रिस्ती वैद्यकीय संस्थेचे आहे. ही संस्था कशी निघाली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील डॉ. स्कॉट हॅरिसन हे अस्थिशल्यविशारद होते. हाडे जोडण्यासाठी व बदलण्यासाठी जे धातूचे भाग लागतात, ते बनवणाऱ्या एका कंपनीचे ते प्रमुखही होते. १९८६ साली ते व त्यांच्या पत्नी सॅली हे दोघे आफ्रिकेतील मलावी या देशात गेले. तेथील डॉक्टरांना पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया शिकवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु तेथे त्यांना जी मुले दिसली, ती त्यांच्या मनातून जाईनात. कोणाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले, कोणाचे पाय भाजल्यामुळे आखडलेले, कोणाचे मोडलेले हाड वाकडेच जुळलेले. अमेरिकेत अशा मुलांवर वेळेवर उपचार होतात व ती धावू-खेळू लागतात. येथे तीच मुले जमिनीवर सरपटत होती. हॅरिसन पतिपत्नी पुनःपुन्हा आफ्रिकेत जात राहिली. पुढे त्यांनी ठरवले, की अधूनमधून येऊन चार शस्त्रक्रिया करून परत जाण्याने हे काम पुरे होणार नाही. १९९६ साली त्यांनी संस्था स्थापन केली आणि १९९८ साली केनियातील किजाबे या गावी तिचे पहिले रुग्णालय सुरू झाले.

रोग्यांना बरे करा, अशी आज्ञा येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना दिली होती, असे बायबलात सांगितले आहे. ही आज्ञा हॅरिसन यांनी अक्षरशः घेतली. रुग्णालयात प्रार्थना होते व धर्मसेवकही असतात. मात्र उपचार करताना मूल कोणत्या धर्माचे, कोणत्या जमातीचे, हे पाहिले जात नाही. युगांडात ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत, तसे मुसलमानही आहेत. दोघांचीही मुले एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपलेली असतात.

संस्थेची बहुतेक रुग्णालये हाडांच्या विकारांसाठी आहेत. एम्बालेचे रुग्णालय मात्र मेंदूच्या व कण्याच्या शस्त्रक्रियांसाठी काढावे, असे ठरले. हा विचार धाडसाचा होता. सगळ्या युगांडात त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. मग मुलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ एका आडबाजूच्या शहरात आणायचा कोठून?

तो आला अमेरिकेतील केंटकी राज्यातून. डॉ. बेंजामिन वॉर्फ हे तेथील विद्यापीठात मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रमुख होते. त्यांना मान होता, उत्तम वेतन होते, अद्ययावत साधने हाताशी होती. हे सर्व सोडून २००० साली ते पत्नी व सहा मुलांसह एम्बालेला राहावयास गेले. पुढल्या वर्षी रुग्णालयाचे काम सुरू झाले. एकटा माणूस असे धाडस करतो, तेव्हा आपण त्याचे कौतुक करतो. परंतु सहा मुलांनी आपली शाळा, आपले सवंगडी, आपले घर सोडून परक्या देशात जाणे हेही काही लहान धाडस नव्हे, असे मला वाटते.

वॉर्फ यांना वाटले होते, की नाना प्रकारच्या विकारांची मुले येतील. आली ती बहुतेक सारी जलशीर्षाची. एक गेले की दुसरे. दार उघडावे तर आणखी चार. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालील भागात दर वर्षी एक लाखाहून अधिक बालकांना हा विकार होतो, असा अंदाज वॉर्फ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडला.

जलशीर्षावरचा त्या वेळचा नेहमीचा उपाय म्हणजे ‘शंट’ बसवणे. शंट ही एक बारीक, मऊ नळी असते. तिचे एक टोक मेंदूच्या पोकळीत ठेवतात. नळी कातडीखालून मान व छाती यांवरून खाली नेतात आणि दुसरे टोक पोटात सोडतात. साचलेला द्रव तेथे उतरतो व शरीरात जिरून जातो. द्रव एकाच दिशेने, बेताने वाहावा म्हणून मध्ये एक झडप असते. या झडपेचा इतिहास मोठा हृद्य आहे. १९५५ साली अमेरिकेतील जॉन होल्टर नावाच्या एका यंत्रकारागिराच्या मुलाला हा विकार होता. डॉक्टरांची अडचण ऐकून त्या बापाने आपल्या कारखान्यातील ज्ञान वापरून अशी झडप बनवली आणि पुढे तिने हजारो मुलांचे प्राण वाचवले. मुलांसाठी गोष्टी लिहिणारे इंग्रज लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा थिओ १९६० साली अपघातात जखमी झाला व त्याच्या मेंदूत द्रव साचू लागला. तेव्हा डाल यांनीही एक डॉक्टर व विमानांच्या लहान प्रतिकृतींची इंजिने बनवणारा एक कारागीर यांना एकत्र आणून वेगळी झडप तयार करवली. बापाची माया कोणत्या वाटेने चालत जाईल, हे सांगता येत नाही.

वॉर्फ यांच्यापुढे पहिली अडचण होती ती पैशाची. अमेरिकी बनावटीच्या एका शंटची किंमत त्या वेळी सुमारे ६५० डॉलर होती. शेकडो मुलांसाठी असे शंट आणावयाचे कोठून? येथे आपल्या देशाचा संबंध येतो. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे ‘छाबरा शंट’ नावाचा शंट तयार होतो. त्याची किंमत होती सुमारे ३५ डॉलर. स्वस्त वस्तू हलकीच असणार, असा बहुतेकांचा ग्रह असतो. वॉर्फ यांनी ग्रहावर विश्वास न ठेवता परीक्षा घेतली. त्यांनी १९५ मुलांमध्ये दोन्ही प्रकारच्या शंटांची तुलना केली व वर्षभरानंतरचे परिणाम तपासले. दोहोंत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. २००५ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शाहजहानपूरच्या त्या नळीने एम्बालेच्या किती आयांची चिंता हलकी केली असेल!

तरीही वॉर्फ यांचे समाधान झाले नाही. स्वस्त असो की महाग, शंट ही शेवटी नळी आहे. ती तुंबते, तुटते, तिच्यात जंतू शिरतात. मूल वाढते, नळी वाढत नाही. शंट बसवलेल्या मुलाला आयुष्यात पुनःपुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. बॉस्टनमध्ये नळी तुंबली, तर आई मुलाला घेऊन तासाभरात रुग्णालयात पोचते. एल्गॉनच्या उतारावरील खेड्यात, रात्री, पावसात, रस्ता वाहून गेलेला असताना नळी तुंबली तर? ते मूल दोन दिवसांत मरेल. म्हणजे आज आपण ज्याला वाचवले, त्याला उद्या मृत्यूच्या दारात सोडून देत आहोत काय, हा प्रश्न वॉर्फ यांना छळू लागला.

शंटशिवाय दुसरा एक मार्ग ठाऊक होता. दुर्बीण लावलेली बारीक नळी मेंदूच्या पोकळीत नेऊन, तिच्या तळाच्या पातळ पडद्याला लहानसे छिद्र पाडायचे. त्यातून द्रव बाहेर पडतो व त्याची कोंडी फुटते. आत काहीही परकी वस्तू राहत नाही. म्हणून तुंबण्या-तुटण्याचे भय फार कमी. परंतु तान्ह्या मुलांमध्ये हा उपाय पुष्कळदा अपुरा पडे. द्रवाला वाट मिळाली तरी त्यांच्या शरीराला तो सारा शोषून घेता येत नसे.

तेव्हा वॉर्फ यांनी उलट बाजूने विचार केला. मोरी मोकळी करून भागत नसेल, तर नळही थोडा बंद करावा! मेंदूच्या पोकळ्यांत झालरीसारखा एक नाजूक, रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग असतो. द्रव मुख्यतः तेथे तयार होतो. ही झालर काढून टाकावी, ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने १९१८ मध्येच तसा प्रयत्न केला होता. पण त्या वेळची साधने तोकडी होती व त्याचे बहुतेक रोगी वाचले नाहीत. वॉर्फ यांच्या हाती आता वळवता येणारी, लवचीक दुर्बीण होती. टाळूजवळच्या एकाच लहान छेदातून ती आत न्यायची, तळाला छिद्र पाडायचे आणि मग दुर्बीण वळवून दोन्ही बाजूंची झालर विजेच्या सूक्ष्म टोकाने हलकेच भाजून काढायची, अशी दुहेरी शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. कामाला लागणारा हात किती स्थिर असला पाहिजे! दुर्बिणीचे टोक केसभर चुकले, तर खालीच मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी असते.

या शस्त्रक्रियेचा परिणामही त्यांनी अंदाजाने सांगितला नाही, मोजून सांगितला. ५५० मुलांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. एक वर्षाच्या आतील बालकांपैकी ज्यांना नुसते छिद्र पाडले, त्यांच्यात शंभरातील ४७ बरी झाली. ज्यांच्यावर दुहेरी शस्त्रक्रिया केली, त्यांच्यात शंभरातील ६६. म्हणजे दर तीन बालकांपैकी दोघांना शंटची गरज उरली नाही. मग मोठमोठ्या देशांतील शल्यविशारद ही पद्धत शिकून घेऊ लागले. ज्ञान नेहमी श्रीमंत देशांतून गरीब देशांकडे जाते, अशी समजूत आहे. येथे ते एम्बालेहून बॉस्टनला गेले.

२००६ साली वॉर्फ कुटुंब अमेरिकेला परतले व पुढे डॉक्टर बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. त्यांना २०१२ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु त्यांच्या मागे एम्बालेत काय उरले, हे अधिक महत्त्वाचे होय. परदेशी डॉक्टर निघून गेला व दवाखान्याला कुलूप लागले, अशा कहाण्या पुष्कळ आहेत. येथे तसे झाले नाही. कारण वॉर्फ यांनी आपली विद्या स्वतःपाशी दडवून ठेवली नव्हती. युगांडाचेच डॉ. जॉन मुगाम्बा यांना त्यांनी शेजारी उभे करून शिकवले होते. मुगाम्बा यांनी रुग्णालयाची धुरा उचलली. त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केल्या, इतकेच नव्हे तर आफ्रिका व आशियातील इतर देशांतून येणाऱ्या शल्यविशारदांना तेथे शिक्षण मिळू लागले. शिकलेला प्रत्येक डॉक्टर आपापल्या देशात परतला, की तेथील मुलांना एम्बालेपर्यंत येण्याची गरज राहत नाही.

नवी पद्धत खरोखरच शंटपेक्षा सरस आहे काय, हा प्रश्न अजून शिल्लक होता. मूल जगले, पण त्याच्या बुद्धीचे काय? टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉ. अभय कुलकर्णी, वॉर्फ व एम्बालेचे डॉक्टर यांनी मिळून एक काटेकोर प्रयोग केला. सहा महिन्यांच्या आतील १०० बालके घेतली. कोणावर दुहेरी शस्त्रक्रिया करायची व कोणाला शंट बसवायचा, हे नशिबाच्या चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरवले, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वाव राहू नये. वर्षभरानंतर मुलांची बुद्धी तपासली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत विशेष फरक नाही. वॉर्फ यांच्या जागी दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. पण नीट पाहा. नवी पद्धत बुद्धीच्या बाबतीत शंटहून कमी ठरली नाही आणि पुष्कळ मुले नळीच्या बंधनातून सुटली, हा लाभ काही थोडा नव्हता.

आता राहिला मूळ प्रश्न. एवढ्या मुलांना हा विकार होतो तरी कशाने? वॉर्फ यांनी प्रारंभापासून मुलांची पूर्वहकिकत टिपून ठेवली होती : जन्मानंतर मूल आजारी पडले होते काय? ताप, झटके आले होते काय? पहिल्या ३०० मुलांच्या नोंदींवरून दिसले, की शंभरातील सुमारे ६० मुलांना आधी मेंदूचा संसर्ग झाला होता आणि तोही बहुधा जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात. संसर्गाने मेंदूत जणू गाळ साचून द्रवाच्या वाटा बुजत होत्या. पण जंतू कोणता? प्रयोगशाळेत द्रव तपासला, तर नेहमीच्या रीतीने काहीच वाढत नसे.

अमेरिकेतील डॉ. स्टीव्हन शिफ या शोधामागे लागले. ते स्वतः मेंदूचे शल्यविशारद होते व भौतिकशास्त्रातही त्यांना गती होती. त्यांनी उपग्रहांनी मोजलेला युगांडातील पाऊस आणि रुग्णालयात आलेली मुले यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. रोग पावसाच्या मानाने कमीअधिक होतो, असे २०१२ साली त्यांना आढळले. न फार कोरडे, न फार ओले, अशा मधल्या पावसाच्या काळाशी त्याचा संबंध दिसत होता. मग त्यांनी व युगांडातील सहकाऱ्यांनी १०० बालकांच्या मेंदूतील द्रव घेऊन त्यातील जंतूंच्या अनुवंशद्रव्याचा माग काढला. २०२० साली चोर सापडला. पेनिबॅसिलस या गटातील एक जंतू तो होता. त्याच्याकडे तोपर्यंत कोणी बोट दाखवले नव्हते.

तपास तेथेच थांबला नाही. संशोधकांनी युगांडातील संसर्ग झालेली नवजात बालके तपासली. तेव्हा शंभरातील सुमारे सहा बालकांत हाच जंतू मिळाला, असे २०२३ साली जाहीर झाले. नवजात बाळाला ताप आला, की डॉक्टर प्रथम ठरावीक प्रतिजैविके देतात. त्यांना हा जंतू दाद देत नाही, असेही दिसून आले. त्यामुळे तापाने फणफणलेल्या बाळाला पहिल्याच दिवशी कोणते औषध द्यावे, यावर आता काम चालू आहे. योग्य औषध वेळेवर पोटात गेले, तर ते मूल एम्बालेच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत कधी येणारच नाही.